सकाळचा व्यायाम आणि दुपारचा शीण

पहाटे उठून जोर-बैठका काढाव्या, नमस्कार घालावे, आणि दुपारीं दोनच्या सुमारास कचेरींत बसल्या बसल्या डोळे मिटूं लागावे, हा अनुभव शहरांत राहणाऱ्या पुष्कळांस येतो. व्यायामानें उत्साह वाढावा ही अपेक्षा. पदरीं पडतो तो शीण. मग कोणी व्यायामास दोष देतो, कोणी स्वतःच्या आळसास, आणि बहुतेक जण दोन-चार आठवड्यांत लंगोट खुंटीला टांगून ठेवतात. शीण म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न फार जुना. पण तो मोजून पाहण्याची बुद्धि माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली.

ही बुद्धि ज्याला झाली तो आन्जेलो मोस्सो इटलींतील तुरीन शहरीं शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचा जन्म 1846 सालचा. बाप सुतार, घरची गरिबी. श्रम म्हणजे काय हें त्यानें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं घरांतच पाहिलें होतें. त्याचा ‘ला फातिका’ म्हणजे ‘थकवा’ हा ग्रंथ 1891 सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ यंत्रांनीं होत नाहीं, पक्ष्यांनीं होतो. आफ्रिकेंतून भूमध्य समुद्र ओलांडून इटलीच्या किनाऱ्यावर येणारे लाव पक्षी इतके थकलेले असतात कीं, समोरचें झाड किंवा तारेचा खांब त्यांना चुकवतां येत नाहीं व ते त्यावर आदळून मरतात. हें दृश्य त्यानें मोठ्या आस्थेनें वर्णिलें आहे.

मोस्सोचें यंत्र मात्र अगदीं साधें. मनुष्याचा हात टेबलावर जखडून ठेवावयाचा, मधल्या बोटाला दोरी बांधावयाची, ती कप्पीवरून सोडून तिच्या टोकाला दोन-तीन किलोंचें वजन लावावयाचें, आणि दर दोन सेकंदांनीं तें बोटानें ओढावयाचें. वजन किती उचललें गेलें याची रेघ काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटत जाते. रेघा प्रथम उंच असतात, मग आखूड होत जातात, आणि शेवटीं बोट हलेनासें होतें. मौज अशी कीं, ज्याची त्याची उतरंड वेगळी! एकाचें बोट बराच वेळ जोमानें चालतें आणि एकदम खचतें. दुसऱ्याचें पहिल्यापासूनच हळूहळू उतरत जातें. माणसाच्या हस्ताक्षरासारखीच ही त्याची खूण होय, आणि ती वर्षानुवर्षें फारशी बदलत नाहीं.

मोस्सोचा सहकारी मग्गिओरा यानें ह्या यंत्रावर काढलेलीं दोन अनुमानें सकाळच्या व्यायामाशीं जवळचा संबंध ठेवतात. पहिलें असें : तीस वेळां वजन ओढून बोट पुरतें थकलें, तर तें पूर्ववत् होण्यास दोन तास लागतात, पण पंधरा वेळां ओढून थांबलें, तर अर्धा तासच पुरतो. काम निम्में, पण विसावा निम्मा नव्हे, चौथाई. म्हणजे थकलेल्या शरीराकडून घेतलेलें काम ताज्या शरीराच्या कामापेक्षां कितीतरी महाग पडतें. दुसरें अनुमान याहून चमत्कारिक आहे. विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन प्राध्यापक घरीं परतले म्हणजे त्यांचें बोटहि थकलेलें असे. काम केलें मेंदूनें, दमला हात. शरीराचा खर्च आणि बुद्धीचा खर्च एकाच खात्यांत पडतो, हें यापूर्वीं इतक्या स्पष्टपणें कोणी दाखविलें नव्हतें. सिसिली बेटांत गंधकाच्या खाणींतून ओझीं वाहणाऱ्या मुलांविषयीं मोस्सोनें जें कळवळून लिहिलें, त्याच्या मुळाशींहि हाच हिशेब होता.

यानंतर मात्र शास्त्रज्ञांची वाट जरा चुकली. दमलेल्या कुत्र्याचें रक्त ताज्यातवान्या कुत्र्याच्या अंगांत घातल्यास तोहि दमल्यासारखा दिसतो, असें स्वतः मोस्सोनेंच लिहिलें होतें. त्यावरून थकवा हें एक विष आहे, ही कल्पना बळावली. जर्मनींतील वाइखार्ट याला तर ह्या विषावर उतारा सांपडल्याचा भास झाला. उतारा कसला, तो औषधी भ्रमच होता! पुढें 1907 सालीं केंब्रिज येथें फ्लेचर व हॉपकिन्स यांनीं दाखविलें कीं, काम करणाऱ्या स्नायूंत दुग्धाम्ल सांचतें आणि प्राणवायू मिळाला कीं तें नाहींसें होतें. ह्याच क्षेत्रांतील कामाबद्दल हिल व मायरहोफ यांस 1922 सालचें नोबेल पारितोषिक लाभलें. तेव्हांपासून सगळा दोष ह्या बिचाऱ्या आम्लाच्या माथीं मारण्याची जी रीत पडली, ती आखाड्यांतून अजून गेलेली नाहीं. वास्तविक व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरांत रक्तांतील त्याचें प्रमाण पूर्वस्थितीवर येतें; इतकेंच नव्हे तर हृदय व इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. सहा वाजतां घातलेल्या नमस्कारांचें आम्ल दुपारीं दोन वाजतां झोप आणूं शकत नाहीं.

इंधनाची गोष्ट बोस्टन शहरानें शिकविली. तेथील 1924 सालच्या मॅरेथॉन शर्यतीनंतर लेव्हिन, गॉर्डन व डेरिक ह्या डॉक्टरांनीं धावपटूंचें रक्त तपासलें. जे शर्यत संपतांना अगदीं गलितगात्र झाले होते, त्यांच्या रक्तांत साखरेचें प्रमाण फार उतरलेलें आढळलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं धावपटूंस आदल्या दिवशीं पिष्टमय अन्न भरपूर खावयास लावलें आणि वाटेंत खडीसाखरेसारख्या गोळ्या दिल्या. तेव्हां ती दुर्दशा बहुतेकांस आली नाहीं. पुढें 1966 सालीं स्वीडनमध्यें बेर्गस्ट्रम व हुल्टमन ह्या दोघांनीं स्वतःवरच प्रयोग केला. एक-एका पायानेंच सायकल मारून त्यांनीं त्या पायांतील सांठा संपविला, आणि पुढचे तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. कामाच्या पायांत सांठा पूर्वींहून सुमारें दुप्पट भरून आला. विसावलेला पाय जेथल्या तेथें राहिला. शरीर खर्चलेलें परत करतें, पण त्याला अन्न आणि वेळ दोन्ही लागतात.

अर्थात् अर्ध्या तासाच्या व्यायामानें हा सांठा रिता होत नाहीं. तेव्हां साखरेलाहि सगळा दोष देतां येत नाहीं. उरते ती झोप. अमेरिकेंतील नाथानिएल क्लाइटमन व त्याचा सहायक रिचर्डसन हे 1938 सालच्या उन्हाळ्यांत केंटकी संस्थानांतील मॅमथ गुहेंत बत्तीस दिवस राहिले. तेथें ऊन नाहीं, सांवली नाहीं. अठ्ठावीस तासांचा दिवस पाळावयाचा असें त्यांनीं ठरविलें. तरुण रिचर्डसनला तें साधलें; पण क्लाइटमनच्या शरीराचें तापमान चोवीस तासांच्याच चालीनें चढत-उतरत राहिलें. आंतलें घड्याळ बाहेरच्या हुकुमास सहज मानीत नाहीं. दुपारची सुस्ती ही त्याच घड्याळाची एक घटका आहे. जेवण चुकविलें तरी ती येते, असें पुढील प्रयोगांतून दिसलें. रात्रीं अकरापर्यंत जागून पांचला उठणाऱ्या माणसाला ती घटका अधिक जड जाते, इतकेंच.

आपल्या तालमींना हें मोस्सोवांचून ठाऊक होतें. कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या आश्रयानें कुस्ती भरभराटली, 1912 सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें. त्या पहिलवानांची दिनचर्या केवळ मेहनतीची नव्हती. पहाटेची मेहनत, मग दूध-बदामाचा खुराक, मग झोप, आणि संध्याकाळीं पुन्हा आखाडा. विश्रांति ही तेथें मेहनतीचाच भाग गणली जाई. पुढें औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला आणि व्यायाम पांढरपेशा घरांत शिरला; चटईभर जागेंत होणारा, खर्च नसलेला. पण तालमीची उरलेली अर्धी दिनचर्या त्याच्याबरोबर आली नाहीं. मेहनतीवर आगगाडी, कचेरी आणि हिशेबाच्या वह्या येऊन बसल्या.

लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यास दिलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्या वर्षीं त्यांनीं अभ्यास जवळजवळ बाजूस ठेविला होता, आणि त्यामुळें होणारें नुकसान समजून-उमजून पत्करलें होतें. त्यांच्या मागोमाग नमस्कार घालूं लागलेल्या कारकुनास तेवढी सवड कोण देणार? तो दुपारीं दोन वाजतां जांभई दाबून आंकड्यांची बेरीज करीत असतो. कोल्हापूरचा पहिलवान त्या वेळीं खुराक घेऊन तालमीच्या ओसरीवर गाढ झोपलेला असे.