रशियन झेनित आणि रथाचा गुलाल

आमच्या म्हसवडला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि गुलालाने माणसं ओळखू येईनाशी होतात. तिथे मी झेनित-ई हा फिल्म कॅमेरा घेऊन जातो. मोबाईलवाले हसतात, हसोत.

सोव्हिएत कॅमेऱ्यांची गोष्ट मुळात नकलेची. 1934 मध्ये खारकिवच्या अनाथ मुलांच्या कम्यूनमध्ये जर्मन लायकावरून ‘फेड’ बनू लागला. गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याची ती आद्याक्षरं. मुलांच्या हातच्या कॅमेऱ्याला हे नाव, काय म्हणावं! माझा झेनित मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा, 1965 पासूनचं मॉडेल. त्याची 58 मिमी हेलिओस लेन्सही जर्मन बायोटारच्या आराखड्यावरचीच. पण नक्कल म्हणून तिला नाक मुरडू नये, चेहरे सुरेख येतात.

मीटर सेलेनियमचा, बॅटरी लागत नाही. तबकडीवर आयएसओऐवजी रशियन ‘गोस्ट’ आकडे. 100 च्या फिल्मला 90 लावायचे. माणदेशी उन्हात तेही नको: 1/125 आणि एफ 16, विषय संपला. व्ह्यूफाइंडरमध्ये जेमतेम दोन तृतीयांश चौकट दिसते, त्यामुळे फिल्म धुतल्यावर रथाच्या कडेची न पाहिलेली माणसंही निघतात. गुलाल मात्र या यंत्राचा वैरी. लेन्स बदलायची ती घरूनच बदलून निघायची.

तुमच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल तर त्यात तेल सोडू नका. आधी फिल्म न घालता सगळ्या वेगांवर शटर चालवून बघा.