अंधारातला नेम

रायफलीवरची रात्रीची दुर्बीण शिकारीकडे आली ती युद्धातून. १९४५ साली अमेरिकी सैनिकांनी ओकिनावात वापरलेल्या यंत्राला स्वतःचा अवरक्त दिवा लागे, शिवाय वेगळी जड बॅटरी वाहावी लागे. थर्मल दुर्बीण दिव्याविना प्राण्याच्या अंगची उष्णताच टिपते. मात्र तिचे सुरुवातीचे संवेदक अतिथंड ठेवावे लागत, त्यामुळे ते बंदुकीवर बसण्याजोगे नव्हतेच. हनीवेल कंपनीचा, थंड न करता चालणारा मायक्रोबोलोमीटर हा उष्णता-संवेदक १९९२ साली गुप्ततेतून मोकळा झाला आणि पुढे किमती उतरल्या. टेक्सासात पिके उकरणाऱ्या रानडुकरांच्या शिकारीत ही दुर्बीण रुळली. उष्णतेच्या सपाट चित्रात मात्र जवळचे पिल्लू आणि दूरचे मोठे डुक्कर सारखेच भासतात, अंतर चुकले की गोळीही चुकते. म्हणूनच १९६० नंतर सैन्यात रुळलेला लेसर अंतरमापक दुर्बिणीतच आला. दूरच्या नेमासाठी नुसत्या वाढीव झूमपेक्षा तोच अधिक मोलाचा.