सामाईक वाड्याची रंगरंगोटी

वाडा सामाईक असला की त्याची रंगरंगोटी कशी रखडते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. एक भाऊ चुना आणतो, तर दुसरा म्हणतो आधी छप्पर बघा. विकिपीडिया हा असाच जगभरच्या स्वयंसेवकांचा सामाईक वाडा. त्याच्या भाऊबंदकीशी आपल्या फ्रँकफर्टचेही नाते आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, जर्मन त्याच वर्षी मार्चमध्ये, आणि मराठी १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. या स्वयंसेवकांचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन, ‘विकिमानिया’, ऑगस्ट २००५ मध्ये भरले ते मेन नदीकाठच्या ‘हाउस डेर युगेंड’मध्ये. मालक आणि भाडेकरू असा भेद इथे नाही, अशीच तेव्हा सर्वांची भावना होती.

नऊ वर्षांनी त्या भावनेची कसोटी लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये छायाचित्रे पाहण्याची नवी पद्धत आणली. चित्रावर टिचकी मारली की ते काळ्या पडद्यावर मोठे दिसे. दिसायला छान, पण चित्रकाराचे नाव आणि वापराच्या अटी मागे पडतात, असा अनेकांचा आक्षेप होता. जर्मन मंडळींनी मतदान घेऊन ठरवले की ही सोय आपणहून सुरू नसावी. ऑगस्टमध्ये एका प्रचालकाने ती बंद केली. त्यावर फाउंडेशनने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचे कुलूप घातले. निवडून आलेल्या प्रचालकांनाही ते उघडता येईना. शेकडो सह्यांचे निषेधपत्र निघाले. त्या पानावरचे कुलूप लवकरच निघाले, पण कुलूप घालण्याचा अधिकार रद्द व्हायला नोव्हेंबर २०१५ उजाडला.

पुढच्या मोठ्या रंगरंगोटीत हा धडा उपयोगी पडला असावा, असे मला वाटते. २०१९ च्या सुमारास हाती घेतलेले नवे रूप इंग्रजीत जानेवारी २०२३ मध्ये आले. आधी चर्चा झडली, रुंदी बदलण्याचे बटण ठळक ठेवण्याची अट पुढे आली, आणि सदस्यांना जुने रूप ठेवण्याची मुभा राहिली. वेळ लागला, पण कुलूप लागले नाही.

या विलंबाला मी दोष देत नाही. मला काळजी आहे ती वेगळीच. जर्मन मंडळी अडून बसू शकली, कारण त्यांच्यापाशी माणसे होती. २०१६ मध्ये त्यांच्या लेखांची संख्या वीस लाखांवर गेली. मराठीत राबणारे हात त्या मानाने मोजके. नवे रूप आले आणि आपला जोडशब्द तुटला किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर हरकत घेणार कोण? ‘नको’ म्हणायलाही माणसे लागतात.

मंडळातल्या तरुणांनो, आठवड्यातला एक तास मराठी विकिपीडियाला द्या. वाड्यात राहणाऱ्यालाच त्याच्या रंगाबद्दल बोलता येते.