एक आणा आणि माणची शाळा

माण म्हटलं की आमच्या निम्म्या नातेवाईकांना साताऱ्याचा दुष्काळी तालुका आठवतो. ते माण वेगळं. मी म्हणतोय ते पुणे जिल्ह्यातलं, मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला खेटून असलेलं माण गाव. आयटी पार्कचा तिसरा टप्पा ह्याच गावच्या शिवारात उभा राहिला. भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, जमिनीचे भाव गुंठ्यावर बोलले जाऊ लागले. मग अशा गावातली जिल्हा परिषदेची शाळाही श्रीमंत असायला हवी, नाही का?

वरवर साधा प्रश्न आहे, पण उत्तरासाठी मला थेट १८८२ पर्यंत मागे जावं लागलं.

त्या वर्षी हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांतला आहे, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे माणसारखीच गावं! त्यांची तक्रार भावनेची नव्हती, हिशेबाची होती. सरकार शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी म्हणून खास पट्टी घेतं, पण तो पैसा त्या कामाला लागत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीच सोय नाही.

ही पट्टी म्हणजे 'लोकल फंड'. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी. सोळा रुपये सारा भरणारा शेतकरी वर आणखी एक रुपया भरायचा, आणि त्यातले पाच आणे चार पै शाळेच्या नावाने जमा व्हायचे. भरणारा खेड्यातला, खर्च कुठे करायचा हे ठरवणारा मात्र कचेरीतला. फुल्यांनी पुढे उपायही सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मास्तराला महिना किमान बारा रुपये तरी द्या. शाळा चांगली हवी तर मास्तर पोटाला उपाशी असून चालणार नाही, इतकं ते साधं होतं.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते आपल्या संस्थानापुरतं करून दाखवलं. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या खेड्यांच्या शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या. आपल्या घरातली जुनी माणसं कायम 'बोर्डाची शाळा' म्हणायची, ते ह्यामुळेच! मास्तर 'फायनल पास' असायचे, आणि 'दिपोटी' येणार म्हटलं की अख्खी शाळा शेणाने सारवून निघायची. पोरांनी पाढे आणि कविता घडाघडा म्हटल्या की शाळा चांगली. हल्ली 'असर'चे लोक घरी येऊन मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला देतात. देशाच्या खेड्यांतल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच तो वाचता येतो, असं ते सांगतात. दिपोटीने हीच परीक्षा घेतली असती तर काय निकाल लागला असता, कोण जाणे!

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्या झाल्या. मास्तरांचा पगार आता शासनाच्या अनुदानातून येऊ लागला. ही फार मोठी गोष्ट होती. गाव गरीब असलं तरी मास्तर मिळणार, ह्याची हमी आली. पण त्यासोबत शाळेचा आणि गावच्या खिशाचा संबंधही तुटला. खोल्या किती, शिक्षक किती, हे पटावर आणि वरच्या मंजुरीवर ठरू लागलं. १९८७ साली 'खडू-फळा' मोहीम निघाली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, हे तिचं ध्येय! स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाल्यावर हे ध्येय ठेवावं लागलं, ह्यातच सगळं आलं. पुढे २००० साली शिक्षणसेवक आले, महिना तीन हजारांवर, तीन वर्षांसाठी. फुल्यांचे बारा रुपये आठवतात की नाही?

आता माणकडे येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने गावाच्या हातात पुन्हा काहीतरी दिलं. शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया. फुल्यांच्या काळी जे नव्हतं ते हेच, पैसे भरणाऱ्याला विचारणारी जागा. पण पालक म्हणजे त्या शाळेत मूल असलेले. हिंजवडी-माण रस्त्यावर एखाद्या सकाळी उभं राहून बघा. जमीनवाल्यांची मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. पायी येणाऱ्यांत बांधकामावर आलेल्या, पत्र्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या माणसांची मुलं पुष्कळ. इमारत पूर्ण झाली की आईबाप दुसऱ्या साइटवर, आणि मूलही. ते बिचारे समितीत बसून कोणाशी भांडणार? गावात वजन आहे त्यांची मुलं शाळेत नाहीत, आणि ज्यांची मुलं आहेत त्यांना गावात वजन नाही.

ह्याच जिल्ह्यात उलटी उदाहरणंही आहेत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत लोकांनी शाळेसाठी जमीन दिली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची शाळा पटावर तीन मुलं उरल्याने बंद पडायच्या बेतात होती, ती २०२५ साली जगातल्या नावाजलेल्या शाळांच्या यादीत गेली. तिथे चांगले शिक्षक होते हे खरंच. पण आयटी पार्क नव्हता, हेही खरं. शाळा आपली आहे असं म्हणणारे लोक होते.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १९९७ साली वाढली, तेव्हा आजूबाजूची बरीच गावं तिच्यात गेली. हिंजवडी-माण घेण्याची चर्चाही अधूनमधून होतच असते. उद्या तसं झालं तर फाटकावरची पाटी बदलेल, अंदाजपत्रकही मोठं होईल. २०१४ पासून कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, त्यातून बाकं आणि संगणकही येतील. यावेत. मी त्याला नाक मुरडणार नाही, गळक्या छपराखाली बसून तत्त्वज्ञान शिकता येत नाही.

पण फुल्यांनी मागितलं होतं ते नुसतं जास्त पैसे नव्हतं. ज्याच्या नावाने आणा घेता, त्याच्याच पोरासाठी तो खर्च झाला का, ह्याचा हिशेब त्यांनी मागितला होता. माणमध्ये आज ते पोर कदाचित यवतमाळहून किंवा बिहारमधून आलेलं असेल. त्याच्या वतीने हिशेब मागायला ग्रामसभेत उभं कोण राहणार? सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, शाळेच्या पटावर मात्र आहे. मला वाटतं, आपल्यासारख्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांनी एकदा तरी त्या ग्रामसभेला जाऊन बसावं.