सोडलेले घर की सोडावे लागलेले घर?

शूनेम येथील एका स्त्रीची हकिकत राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आली आहे. दुष्काळ येणार म्हणून, अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून, ती सहकुटुंब पलिष्ट्यांच्या देशात गेली. सात वर्षांनी परतल्यावर आपल्या घरासाठी व शेतासाठी तिला राजाकडे दाद मागावी लागली. राजाने एक अधिकारी नेमला आणि तिचे सर्व काही, मधल्या वर्षांच्या उत्पन्नासह, परत देवविले. बॉस्नियाच्या इतिहासाच्या प्रकाशात हा प्रसंग पुन्हा वाचावा, असे आम्हांस वाटते.

१९९२ ते १९९५ च्या यादवी युद्धात तेथील सुमारे ४४ लाख वस्तीपैकी निम्मे लोक परागंदा झाले. लढणाऱ्या सर्वच पक्षांनी आपापल्या प्रदेशात कायदे करून त्यांची घरे 'परित्यक्त' ठरविली व इतरांस वाटून दिली. युद्ध थांबल्यावरही, सार्वजनिक मालकीच्या सदनिकांत राहणाऱ्यांनी सात दिवसांत, परदेशी असल्यास पंधरा दिवसांत, परतावे, नाहीतर हक्क गमवावा, असे फर्मान निघाले. जीव मुठीत धरून पळालेल्यांना ही मुदत पाळणे शक्यच नव्हते.

डिसेंबर १९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने मूळ घर परत मिळण्याचा हक्क मान्य केला होता. तरीही ते कायदे आंतरराष्ट्रीय दडपणाखाली १९९८ मध्येच रद्द झाले. त्यानंतर दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि २००३ अखेर त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक निकालात निघाले. हे काम सोपे नव्हते. त्या घरांत राहणारे पुष्कळसे स्वतःच इतरत्र हुसकावले गेलेले होते. त्यांच्या डोक्यावर दुसरे छप्पर शोधणे हाही न्यायाचाच भाग होता.

तरी शूनेमच्या मानाने हा न्याय अपुरा राहिला. करारात सांगितलेला भरपाईचा निधी प्रत्यक्षात उभा राहिलाच नाही. अनेकांनी परत मिळालेले घर विकले किंवा बदलून घेतले, कारण किल्ली मिळाली तरी शेजार परत मिळाला नव्हता.

त्या राजाने स्त्रीलाच विचारले आणि तिने आपली हकिकत सांगितली. निवाडा त्यानंतर झाला. घर रिकामे दिसले म्हणून त्याला बेवारस म्हणण्यापूर्वी, तेथून कोण गेले व का गेले, हे विचारणे हा न्यायाचा आरंभ आहे. किल्ली देणे शासनाचे काम. शेजार पुन्हा जोडण्याच्या कामातून मात्र ख्रिस्ती मंडळीला अंग काढून घेता येणार नाही.