पावसाच्या सट्ट्याची वंशावळ

हवामानावरचं डेरिव्हेटिव्ह 1997 च्या सुमारास अमेरिकेत जन्मलं, असं सर्रास सांगितलं जातं. हिवाळा उबदार गेला की वीज-गॅस कंपन्यांचा खप घटे, म्हणून एन्रॉनसारख्यांनी तापमानाच्या आकड्यावर करार केले. 1999 मध्ये ते शिकागोच्या बाजारात आले. माझ्या मते याचा मूळ पुरुष आपल्याकडचा आहे आणि त्याची नोंद जुगारबंदीच्या कायद्यात सापडते.

1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा चाळताना मी जुगाराच्या अड्ड्याच्या व्याख्येपाशी थबकलो. पुढच्या सुधारणांसकट तिथे कापूस-अफूचे भाव, त्या भावांतले आकडे, शेअरचे भाव, पाऊस पडणं न पडणं आणि तो किती पडला, हे सारं एकाच पंगतीला बसलंय. आकड्यांचं पुढे काय झालं ते मुंबईला ठाऊक आहे: न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारा आकडा साठच्या दशकात मटक्यात शिरला. पावसाचा धागा मात्र मागे पडला.

तो कलकत्त्यात स्पष्ट दिसतो. बडाबाजारातल्या कॉटन स्ट्रीटवर, ठरल्या वेळात गच्चीच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही यावर पैसे लागत. 1897 मध्ये बंगाल सरकारने खास कायदा करून ते थांबवलं.

हा निव्वळ जुगार, यात कुणाची जोखीम कमी झाली, असं कुणी म्हणेल. पण याच व्यापारी जगात तेजी-मंदीचे सौदेही होत. नजराणा भरायचा आणि ठरल्या भावाने माल घेण्याचा हक्क मिळवायचा, ती तेजी. विकण्याचा हक्क, ती मंदी. भाव उलटला तर नुकसान नजराण्यापुरतं. आज ऑप्शन घेऊन गुंतवणूकदार हेच करतो. पाऊस हुकला की ज्याचा धंदा बसणार, अशा व्यापाऱ्याने पन्हळीवर केवळ गंमत म्हणून पैसे लावले असतील, हे मला पटत नाही. काहींनी तरी तोटा भरून काढायलाच लावले असणार.

शिवाय खरी युक्ती आहे ती निकालाची. पीक पाहायला कुणी जायचं नाही. पाणी मोजायचं आणि हिशेब मिटवायचा. 2003 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरला पाऊस-विमा आला, त्याचा कणा हाच: ठरल्यापेक्षा पाऊस कमी पडला की भरपाई, शिवाराची पाहणी नाही. त्यातला धोकाही जुनाच आहे. पन्हळ एका गच्चीची असते आणि ढग सगळीकडे सारखा बरसत नाही. पाऊस मोजणाऱ्या केंद्रावर पाऊस झाला आणि शेत कोरडं राहिलं, तर करार पाळूनही शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही.

2025 मध्ये एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजाराने पावसावरच्या डेरिव्हेटिव्हसाठी भारतीय हवामान खात्याशी करार केलाय. असं काही आपल्या तालुक्यात विकायला आलं, तर हप्ता किती ते नंतर विचारा. पर्जन्यमापक आपल्या शिवारापासून किती लांब आहे, ते आधी विचारा.