खुबा बदलल्यानंतरचें पहिलें पाऊल

नवेगांव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, हें विदर्भांतील श्रोत्यांस ठाऊकच आहे. त्या प्रदेशांतील धानाची रोवणी चिखलांत वांकून करावी लागते. तेव्हां खुब्याचा सांधा निकामी होणें म्हणजे पोटावरच घाव. आणि तेथें हा घाव म्हातारपणाची वाट पाहात नाहीं. पूर्व विदर्भांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग बराच आढळतो. विळ्यासारख्या वांकड्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवितात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यास रक्त मिळेनासें होतें आणि तें ऐन तारुण्यांतच ढांसळूं लागतें. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील या रक्तदोषाची नोंद 1958 सालीं प्रसिद्ध केली.

त्याच सुमारास इंग्लंडांत जॉन चार्नली हे कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठीं टेफ्लॉन वापरून पाहात होते. तें झिजलें, आणि रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. व्यथित झालेल्या चार्नलींनीं त्याचा अंश स्वतःच्या मांडींत घालून परिणाम पाहिला! अखेर नोव्हेंबर 1962 मध्यें पॉलिएथिलीनची वाटी आली, ती टिकली. रोगी मात्र दोन पायांमध्यें उशी घेऊन कित्येक दिवस अंथरुणास खिळलेला असे; नवा सांधा निखळण्याचें भय मोठें.

पुढें 2001 च्या सुमारास शिकागोचे बर्गर यांनीं लहान चिरेंतून, स्नायु शक्य तितके राखून खुबा बदलला व कांहीं रोग्यांस त्याच दिवशीं घरीं पाठविलें. सारें श्रेय लहान चिरेस मिळालें. परंतु 2005 सालीं बेलफास्टच्या शस्त्रवैद्यांनीं 219 रोग्यांची चांचणी प्रसिद्ध केली. कांहींची चीर 10 सेंटिमीटरांहून मोठी नव्हती, इतरांची 16 सेंटिमीटरांची. चालण्यांत किंवा रुग्णालयांतील मुक्कामांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. वेदना नीट आवरून रोग्यास लौकर उभें करणें, हाच खरा गुण म्हणावयाचा.

सिकलसेलच्या रोग्यास तेवढ्यानें भागत नाहीं. त्यास पाणी कमी पडतां कामा नये, थंडी लागतां कामा नये, प्राणवायूची पातळी उतरतां कामा नये. जंतुसंसर्गाचा धोकाही अधिक. मग घरीं परतल्यावर निराळाच पेंच. मागील बाजूनें शस्त्रक्रिया झाली असल्यास पहिले सहा आठवडे ते तीन महिने उकिडवें बसूं नये, मांडी घालूं नये असें सांगण्याचा प्रघात आहे. आणि खेड्यांतील चूल, ताट, शौचकूप सारें भुईशींच! खाटेखालीं विटा, जेवावयास उंच स्टूल, शौचास मधोमध भोंक पाडलेली खुर्ची, एवढी तजवीज शस्त्रक्रियेच्या आधींच व्हावयास हवी. रोवणीचा हंगाम तर बहुधा सोडावाच लागतो. शिवाय तिशींत बसविलेला सांधा आयुष्यभर पुरेलच असें नाहीं.

1 जुलै 2023 रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ज्याचें रक्त आधींच तपासलें आहे, त्याची जांघ दुखूं लागली कीं वैद्यास खुब्याची शंका लौकर येते. हाडाचें डोकें ढांसळलें नसेल तर तें वांचविण्याचे उपाय करून पाहतां येतात. साध्या क्ष-किरण चित्रांत मात्र आरंभीं कांहींच दिसत नाहीं. त्यासाठीं एमआरआय करावें लागतें.